मुतखड्याची कळ आणि लिग्नोकेन: कुणाला द्यायचे, किती द्यायचे, कुठे थांबायचे

उन्हाळा तापला की पुण्यातल्या कॅज्युअल्टीत मुतखड्याचे रुग्ण वाढतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत घाम गाळणारे, बांधकामावरचे मजूर, दिवसभर दुचाकीवर असणारे डिलिव्हरीवाले, आणि हिंजवडीच्या एसीत बसून संध्याकाळपर्यंत अर्धी बाटली पाणीही न संपवणारे, सगळे एकाच तक्रारीने येतात: पाठीच्या एका बाजूला बरगडीखाली उठलेली कळ, जी जांघेकडे उतरते, आणि सोबत उलट्या. असा रुग्ण खाटेवर स्वस्थ पडत नाही. उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो, पुन्हा आडवा होतो. (पोटातल्या आवरणाला सूज असेल तर माणूस उलट हालचालच टाळतो. हा फरक दारातूनच दिसतो.)

या कळेवर लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना किंवा टाके घालताना वापरतात तेच भुलीचे औषध, तीन प्रकारे वापरता येते: शिरेतून, पाठीच्या कातडीखाली, आणि सोनोग्राफीच्या मदतीने पाठीच्या स्नायूखाली ब्लॉक म्हणून, म्हणजे नसांभोवती भूल सोडून (या तिसऱ्या पद्धतीत खाली लिग्नोकेनऐवजी त्याच जातीचे ब्युपिव्हॅकेन सांगितले आहे). तिन्ही पद्धती रुग्णालयातल्या आहेत. हा मजकूर मुख्यतः रात्रपाळीचे डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी आहे. घरच्यांनी काय करायचे ते शेवटी आहे. मॉनिटर, ऑक्सिजन आणि श्वास सांभाळता येणारा माणूस जिथे नाही, तिथे यातली पहिली आणि तिसरी पद्धत वापरूच नये.

आधी डायक्लोफेनॅक, मग बाकीचे

खडा मूत्रवाहिनीत अडकला की वरच्या बाजूला लघवी तुंबते आणि मूत्रपिंडातला दाब वाढतो. त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने सुटतात. त्यांच्यामुळे मूत्रपिंडाकडे येणारा रक्तपुरवठा वाढतो, लघवी आणखी तयार होते, दाब आणखी चढतो, शिवाय मूत्रवाहिनीचा स्नायू आवळतो. डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक हे चक्र मुळाशी तोडतात, म्हणून ती पहिली औषधे. डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम कुल्ल्यावर खोल स्नायूत, किंवा केटोरोलॅक १५ ते ३० मिलिग्रॅम शिरेतून. बहुतेकांना अर्ध्या तासात उतार पडतो. जोडीला किंवा पर्याय म्हणून पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, १५ मिनिटांत. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर किलोला १५ मिलिग्रॅम. तेवढ्याने भागले नाही तर मॉर्फिन किलोला ०.१ मिलिग्रॅम, थोडे थोडे करून.

आपल्याकडे सवयीने ड्रोटाव्हेरीन किंवा हायोसिन आधी टोचले जाते. वेदनेवर त्यांचा फायदा फार थोडा दिसतो. इंग्लंडच्या नाईस या संस्थेने २०१९ च्या मुतखड्याच्या मार्गदर्शिकेत मूत्रशूळासाठी अशी आखडी सोडवणारी औषधे देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. त्यांच्यात गेलेली वीस मिनिटे रुग्ण कळ सोसत काढतो, म्हणून ती सवय सोडावी.

दोन-दोन बाटल्या सलाईन धो-धो सोडून ‘खडा ढकलणे’ हीसुद्धा तशीच सवय. खडा त्याने लवकर पडत नाही. उलट्यांनी पाणी कमी झाले असेल तेवढे भरून काढा, बस.

मग लिग्नोकेन कुणासाठी? आमच्या मते मुख्यतः दोन प्रकारच्या रुग्णांसाठी. एक, ज्यांना डायक्लोफेनॅक देता येत नाही: क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले, पोटात अल्सर असलेले किंवा रक्तस्राव होऊन गेलेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेले, वेदनाशामकाने दमा उठणारे. दोन, ज्यांना वरची औषधे देऊनही कळ दहापैकी सातच्या खाली उतरत नाही आणि मॉर्फिनने आधीच ओकाऱ्या सुरू आहेत. सगळ्यांना सरसकट पहिले इंजेक्शन म्हणून लिग्नोकेन देणे योग्य नाही. इराणमधल्या तबरीझच्या रुग्णालयात २४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेतले लिग्नोकेन मॉर्फिनपेक्षा सरस ठरले, आणि तेव्हापासून त्याचा बोलबाला झाला. पण नंतर अमेरिकेत केटोरोलॅकशी थेट तुलना झाली तेव्हा एकटे लिग्नोकेन मागे पडले, आणि केटोरोलॅकमध्ये लिग्नोकेन मिसळून वेगळा फायदा मिळाला नाही. म्हणजे केटोरोलॅक चालत असेल तर तेच द्या.

सिरिंज भरण्याआधी

कळ थांबवण्याच्या घाईत चार गोष्टी सुटतात, आणि त्या सुटल्या तर वेदना गेलेला रुग्ण घरी जाऊन बिघडतो.

ताप किंवा थंडी. अडकलेल्या खड्यामागे पू झाला असेल तर काही तासांत सेप्सिस होते, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून जिवावर बेततो. अशा रुग्णाला अँटिबायोटिकसोबत तातडीने स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून तुंबारा मोकळा करावा लागतो. तापमान मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल तापही उतरवतात, त्यामुळे इंजेक्शननंतर मोजलेल्या तापाला अर्थ उरत नाही.

वय. साठीच्या पुढे, आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ, त्यातून सिगारेट-बिडी आणि रक्तदाबाचा इतिहास असेल तर महाधमनी फुगून फुटत तर नाही ना, हे सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवून आधी पाहा. ही चूक जिवावर बेतते.

गर्भधारणा. मासिक पाळी येत असलेल्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची लघवीची चाचणी करा. गर्भनलिकेतल्या गर्भाची कळ बाजूला येऊ शकते, आणि गर्भवतीला डायक्लोफेनॅक आणि शिरेतले लिग्नोकेन दोन्ही टाळायचे आहेत.

एकच मूत्रपिंड, दोन्ही बाजूंना खडे, किंवा लघवी पूर्ण बंद. यांना वेदनाशामक देता देताच युरॉलॉजिस्टला फोन करा.

लघवीत रक्त दिसले नाही म्हणून खडा नाही असे ठरवू नका. पूर्ण अडलेल्या बाजूची लघवी पिशवीत उतरतच नाही, आणि तपासणी दुसऱ्या बाजूच्या स्वच्छ लघवीची होते. क्रिएटिनिन, रक्ताची पूर्ण तपासणी, लघवी आणि सोनोग्राफी एवढे पहिल्या तासात व्हावे. खडा नेमका कुठे आणि केवढा, हे सीटी सांगतो, पण वेदना थांबवण्यासाठी सीटीची वाट पाहू नका.

शिरेतून लिग्नोकेन

हे कुणाला देऊ नये, ते आधी. ईसीजी काढा. हृदयात दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा ब्लॉक, ठोके फार मंद, डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयात जन्मजात जादा विद्युतवाट), हृदय निकामी होत असल्याची लक्षणे, झटक्यांचा आजार, यकृत निकामी, लिग्नोकेनच्या जातीच्या औषधांची खरी अ‍ॅलर्जी, वजन ४० किलोपेक्षा कमी, गर्भवती: यांना नाही. प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत यकृतातून लिग्नोकेन उतरण्याचा वेग मंदावतो, अमिओडेरोन घेणाऱ्यांत हृदयावरचा परिणाम वाढतो. तिथे दुसरा मार्ग शोधलेला बरा. किडनी खराब असलेल्याला एक मात्रा चालते, कारण औषध मुख्यतः यकृतात मोडते. पुन्हा पुन्हा मात्रा मात्र चालत नाहीत, कारण मोडल्यावर तयार होणारे पदार्थ लघवीवाटेच जातात.

व्हायल उचलताना सर्वात मोठी चूक होते. कपाटात लिग्नोकेनच्या सहा-सात तऱ्हा शेजारी शेजारी असतात: १ टक्का, २ टक्के, अ‍ॅड्रेनॅलिन घातलेले २ टक्के, ४ टक्के पृष्ठभागासाठीचे, स्पायनलचे जड लिग्नोकेन, जेली, स्प्रे. शिरेतून द्यायला फक्त साधे, अ‍ॅड्रेनॅलिन नसलेले आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, शिरेतून वापरण्यासाठी म्हणून लेबल असलेले लिग्नोकेन. टाके घालायची ३० मिलीची मोठी बाटली त्यातली नव्हे. तिच्यात बहुधा मिथाइलपॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्ह असते. अ‍ॅड्रेनॅलिनवाली बाटली शिरेत गेली तर नाडी आणि रक्तदाब भडकतात. आणि ब्युपिव्हॅकेन शिरेतून कधीच नाही, ते हृदय बंद पाडते. लेबल दोघांनी मोठ्याने वाचायचे: एकाने बाटली धरून, दुसऱ्याने रुग्णाच्या केस पेपरवर लिहिताना.

मात्रा किलोला १.५ मिलिग्रॅम, वजन उंचीला साजेसे धरून. शंभर किलोच्या माणसाला शंभराने गुणू नका. काहीही झाले तरी २०० मिलिग्रॅमच्या वर जायचे नाही. टक्क्यांचा हिशेब असा लक्षात ठेवा: टक्क्याला दहाने गुणले की एका मिलीतले मिलिग्रॅम मिळतात. १ टक्का म्हणजे मिलीत १०, २ टक्के म्हणजे मिलीत २०. २ टक्क्यांचे औषध घेतले तर ५० किलोला ७५ मिलिग्रॅम, म्हणजे ३.७५ मिली, ६० किलोला ९० मिलिग्रॅम, म्हणजे ४.५ मिली, ७० किलोला १०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५.२५ मिली, ८० किलोला १२० मिलिग्रॅम, म्हणजे ६ मिली. तुमच्या हातात ६ मिलीपेक्षा जास्त भरलेली सिरिंज असेल तर थांबून वजन पुन्हा विचारा.

५० मिलीच्या सिरिंजमध्ये मोजलेले लिग्नोकेन घ्या आणि नॉर्मल सलाईनने एकूण ५० मिली करा. सिरिंजवर चिठ्ठी लावा: औषध, एकूण मिलिग्रॅम, वेळ, सही. सिरिंज पंप तासाला २०० मिलीवर ठेवला की १५ मिनिटांत संपते. ३०० वर ठेवला तर १० मिनिटांत. आम्ही १५ सुचवतो, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्यांना. पंप नसेल तर ही पद्धत सोडा. शंभर मिलीच्या बाटलीत घालून साध्या ड्रिप सेटने १५ मिनिटांत द्यायचे म्हणजे मिनिटाला १३० च्या वर थेंब. ते कुणाला मोजता येत नाहीत. रुग्णाने हात वाकवला की ड्रिप अडते, सरळ केला की भसकन जाते, आणि विषबाधा नेमकी त्या क्षणी होते.

सुरू करण्याआधी ईसीजी मॉनिटर, बोटाला पल्स ऑक्सिमीटर, दर पाच मिनिटांनी रक्तदाब. शीर चांगली जाड, सलाईन मोकळे धावते आहे याची खात्री. ऑक्सिजन, सक्शन, अँबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) आणि झटका थांबवणारे मिडाझोलॅम हाताशी. मग रुग्णाला सरळ सांगा: “काका, औषध चालू आहे तोवर माझ्याशी बोलत राहा. ओठांभोवती मुंग्या आल्या, जिभेला लोखंडासारखी चव आली, कानात शिट्टी वाजली किंवा गरगरलं तर लगेच सांगा.” हे वाक्य मॉनिटरइतकेच महत्त्वाचे. रुग्णाशेजारी सिस्टर बसून राहिली पाहिजे, दुसऱ्या खाटेकडे जायचे नाही.

वेदनेचा आकडा शून्य ते दहामध्ये सुरुवातीला, मग ५, १५ आणि ३० मिनिटांनी लिहा. फरक पडायचा असेल तर अर्ध्या तासात पडतो. नाही पडला तर दुसरी मात्रा देऊ नका. मॉर्फिनकडे वळा आणि निदान पुन्हा तपासा. संपल्यानंतर निदान अर्धा तास मॉनिटर काढायचा नाही. थोडे गरगरणे, ओठ बधिर होणे, जड बोलणे एवढे दिसले तरी पंप बंद. ते ‘चालायचंच’ म्हणून पुढे नेऊ नका, कारण पुढची पायरी झटक्याची असते.

आणखी एक नियम: शिरेतले लिग्नोकेन आणि कुठलाही ब्लॉक यांच्यामध्ये निदान चार तास जाऊ द्या, आधी काहीही केलेले असो. दोन्हीकडचे औषध शेवटी एकाच रक्तात येते. युरॉलॉजिस्टने स्टेंटसाठी मूत्रमार्गात भरलेली २ टक्क्यांची जेलीसुद्धा या हिशेबात धरा; १० मिली जेलीत २०० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते, आणि खरचटलेल्या आवरणातून ते वेगाने शोषले जाते.

विषबाधा झाली तर

क्रम साधारण असा: ओठ-जीभ बधिर, तोंडात धातूची चव, कानात आवाज, बडबड किंवा घाबरणे, स्नायू फडफडणे, झटका, बेशुद्धी, आणि मग हृदयाचे ठोके बिघडणे. कधी कधी मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत.

औषध बंद. मदतीला हाक. शंभर टक्के ऑक्सिजन, श्वासमार्ग मोकळा. ऑक्सिजन कमी पडला आणि कार्बन डायऑक्साइड साचला की विषबाधा वाढते, म्हणून पहिल्या मिनिटात मास्क घट्ट बसवणे हेच मुख्य काम. झटक्याला मिडाझोलॅम १ ते २ मिलिग्रॅम, गरजेनुसार पुन्हा. रक्तदाब घसरत असेल तर प्रोपोफॉल टाळा. त्यात चरबी असली तरी ते लिपिड इमल्शनच्या, म्हणजे या विषबाधेवर शिरेतून द्यायच्या चरबीच्या द्रावणाच्या, जागी चालत नाही.

२० टक्क्यांचे लिपिड इमल्शन किलोला १.५ मिली, दोन-तीन मिनिटांत. ६० किलोला ९० मिली. वजन ७० च्या वर असेल तर सरळ १०० मिली. मग मिनिटाला किलोला ०.२५ मिली, म्हणजे ६० किलोला मिनिटाला १५ मिली. रक्तदाब सावरला नाही तर बोलस, म्हणजे सुरुवातीची एकदम द्यायची मात्रा, पुन्हा. एकूण किलोला १२ मिलीच्या वर नाही. हृदय थांबले तर छातीवर दाब नेहमीसारखेच, पण अ‍ॅड्रेनॅलिन छोट्या मात्रेत, किलोला १ मायक्रोग्रॅमपर्यंत. ठोके बिघडले म्हणून आणखी लिग्नोकेन, बीटा ब्लॉकर किंवा कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर देऊ नका. हातपाय गाळू नका, अशा रुग्णाला तासभर सीपीआर देऊन परत आणता येते.

लिपिडची बाटली ऑपरेशन थिएटरच्या कुलपात असेल आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे असेल तर ती नसल्यासारखीच. लिग्नोकेन जिथे शिरेतून देणार, त्याच खोलीत २५० मिलीच्या किमान तीन बाटल्या, बाहेर मात्रेचा तक्ता चिकटवून. लहान रुग्णालयाला हे परवडत नसेल, तर पुढची, कातडीखालची पद्धत त्यांच्यासाठी जास्त योग्य.

पाठीच्या कातडीखाली

या पद्धतीकडे फार कमी लोक वळतात, आणि ते चुकते. मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीच्या वेदनेच्या नसा मज्जारज्जूत छातीच्या दहाव्या-अकराव्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीपर्यंत शिरतात. त्याच पातळीला पाठीच्या कातडीच्या नसाही येतात. म्हणून कळ चालू असताना त्या पट्ट्यातली कातडी हळवी होते. ती जागा बधिर केली तर आतून येणारी कळही बऱ्याच जणांत मंदावते. सगळ्यांत नाही, पण ज्यांत होते त्यांत पाच-दहा मिनिटांत.

रुग्णाला दुखणारी बाजू वर करून कुशीवर झोपवा, किंवा उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसवा. मणक्याच्या शेजारी, शेवटच्या बरगडीच्या आसपासची कातडी अंगठा आणि तर्जनीत चिमटीत धरून वरून खाली गुंडाळत जा. दुसऱ्या बाजूशी तुलना करा. जिथे रुग्ण दचकतो तिथे पेनाने खूण. बहुधा मणक्यापासून तीन-चार बोटांवर, तळहातभर लांब पट्टा मिळतो. असा हळवा पट्टा सापडलाच नाही तर ही पद्धत बहुधा उपयोगी पडणार नाही, टोचू नका.

अ‍ॅड्रेनॅलिन नसलेले १ टक्क्याचे लिग्नोकेन १० ते १५ मिली पुरते. २ टक्के असेल तर तेवढ्याच सलाईनमध्ये मिसळून १ टक्का करा. कमाल मर्यादा किलोला ४.५ मिलिग्रॅम आणि एकूण ३०० मिलिग्रॅम; ५० किलोच्या बाईला १५ मिली दिले तर १५० मिलिग्रॅम होतात, मर्यादा २२५ ची आहे. क्लोरहेक्सिडीनने कातडी पुसा आणि वाळू द्या. २६ नंबरच्या सुईने खुणेच्या वरच्या टोकाला छोटा फुगा उठवा, मग २३ नंबरची सुई कातडीला जवळजवळ समांतर ठेवून, मागे ओढून रक्त येत नाही हे पाहत, खाली सरकवत पट्टा भरा. सुई काढून त्याच फुग्याच्या पुढच्या टोकातून पुन्हा. बधिर झालेल्या जागेतूनच पुढचे टोचायचे, म्हणजे रुग्णाला दुसऱ्यांदा टोचल्याचे कळत नाही.

सुई उभी घालू नका. बाराव्या बरगडीजवळ फुप्फुसाचे आवरण मणक्याच्या बाजूने अपेक्षेपेक्षा खाली उतरलेले असते, आणि सडपातळ माणसात एक इंचाची सरळ सुई तिथे पोचते. टोचल्यावर खोकला, छातीत कळ किंवा धाप लागली तर छातीचा एक्स-रे. कातडीवर पुरळ, गळू किंवा नागीण असेल तिथे टोचायचे नाही. परिणाम तास-दोन तास टिकतो. तेवढ्या वेळात सोनोग्राफी शांतपणे होते, रुग्ण टेबलावर स्थिर पडतो आणि दुसरे वेदनाशामक लागू व्हायला अवकाश मिळतो.

भुलीचे औषध नसेल तर त्याच पट्ट्यात कातडीच्या आत इंजेक्शनच्या पाण्याचे अर्ध्या मिलीचे तीन-चार फुगे उठवण्याची पद्धतही आहे. वीस-तीस सेकंद आग आग होते, हे आधी सांगा. किडनी, यकृत, हृदय कशाचीच अडचण येत नाही हे तिचे बळ. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, १०८ ची गाडी येईपर्यंत, ही करून पाहण्यासारखी आहे.

इरेक्टर स्पायनी ब्लॉक

हे भूलतज्ज्ञाचे किंवा सोनोग्राफीवर हात बसलेल्या इमर्जन्सी डॉक्टरचे काम, म्हणून थोडक्यात. २०१६ मध्ये या ब्लॉकचे पहिले वर्णन आले. प्रोब मणक्यापासून तीन सेंटिमीटरवर उभा, छातीच्या दहाव्या-अकराव्या मणक्याच्या पातळीवर. पातळी मोजताना खवाट्याचे खालचे टोक साधारण सातव्याला येते, पण भरवसा बाराव्या बरगडीपासून वर मोजण्यावर ठेवा. मणक्याचा आडवा फाटा दिसला की ८० ते १०० मिलिमीटरची ब्लॉकची सुई प्रोबच्या रेषेत, वरून खाली, हाडाला टेकेपर्यंत. दोन-तीन मिली सलाईनने स्नायू हाडावरून उचलला जातोय हे दिसले पाहिजे. स्नायूच्या आतच औषध पसरताना दिसले तर सुई अजून वर आहे. मग ०.२५ टक्के ब्युपिव्हॅकेन २० मिली, म्हणजे ५० मिलिग्रॅम, पाच-पाच मिली करत, प्रत्येक वेळी मागे ओढून. पूर्ण परिणामाला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि तो कित्येक तास टिकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरच्या रुग्णात आधी चर्चा. किडनी खराब, मॉर्फिनने बेजार, आणि स्टेंटला सकाळ उजाडणार, अशा रुग्णासाठी हा ब्लॉक फार उपयोगाचा.

कळ थांबल्यावर

यातली कुठलीही पद्धत खडा हलवत नाही. लिग्नोकेन उतरते तेव्हा पहाटे दोन वाजता कळ परत येते, आणि रुग्ण तोवर धायरीला घरी पोचलेला असतो. म्हणून चालत असेल तर डायक्लोफेनॅकची गोळी किंवा सपोझिटरी सोडण्याआधीच द्या आणि पुढच्या वेळा चिठ्ठीवर तासांसह लिहा. ५ मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतात. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातल्या ५ ते १० मिलिमीटरच्या खड्याला टॅम्सुलोसिन (मूत्रवाहिनी सैल करणारी गोळी) ०.४ मिलिग्रॅम रात्री, पण उठताना चक्कर येऊ शकते हे सांगून. लघवी गाळण्यासाठी जुनी चहाची गाळणी वापरायला सांगा आणि पडलेला खडा तपासणीसाठी आणायला लावा. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा सोनोग्राफी, वेदना नसली तरी. खडा अडकून राहून मूत्रपिंड बिनदुखता खराब होते, ते असेच.

घरच्यांसाठी

झायलोकेनची जेली कंबरेला चोळून, लिग्नोकेनचा पॅच लावून किंवा मेडिकलमधून बाटली आणून ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घेऊन ही कळ थांबवायची नाही. जेली आणि पॅच खोलवर पोचत नाहीत, आणि टोचलेले औषध चुकून शिरेत गेले तर झटका येतो. घरी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दुखऱ्या बाजूला ठेवा, तिने खरोखर आराम पडतो. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेले वेदनाशामक असेल आणि किडनीचा किंवा अल्सरचा त्रास नसेल तर ते घ्या. कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी पाजू नका, बिअर तर नाहीच. उलटी होते आणि तुंबाऱ्यावर दाब वाढतो. हुलग्याचा काढा, पानफुटीची पाने हे कळ थांबल्यावर डॉक्टरांना विचारून. पाणी वाढवायचे तेही कळ थांबल्यावर, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके.

ताप, थंडी वाजणे, लघवी बंद, उलट्यांमुळे गोळी टिकत नाही, एकच किडनी, गर्भवती, किंवा साठीच्या पुढे पहिलीच कळ: यातले एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका. ससून, पिंपरीचे वायसीएम किंवा जवळचे, रात्री सोनोग्राफी आणि युरॉलॉजिस्ट मिळणारे रुग्णालय गाठा. संध्याकाळच्या गर्दीत हिंजवडीतून किंवा हडपसरमधून निघायचे असेल तर १०८ ला आधी फोन करा. जाताना जुने रिपोर्ट, रोजच्या गोळ्यांची पाकिटे आणि रुग्णाचे अंदाजे वजन एका कागदावर लिहून न्या. हृदयाची गोळी चालू असेल किंवा पूर्वी कधी झटका आला असेल तर ते डॉक्टरांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगा.